ओटीपी आलाच नव्हता : बडोद्यातलं एक कार्ड-प्रकरण

हे प्रकरण 2023च्या नवरात्रातलं आहे. माणसांची नावं, बँक, शाळा, म्हणजे ओळख पटेल असं सगळं बदललं आहे किंवा गाळलं आहे. सुलभाताईंनी (खरं नाव वेगळं) हे लिहायला परवानगी दिली, ती एका अटीवर : “माझी चूक झाकू नका, भाऊ. पण जी माझी नव्हती ती माझ्या पदरात घालू नका.”

मी 33 वर्षं बँकेत काढली. निवृत्तीनंतर दर शनिवारी संध्याकाळी दांडिया बाजारातल्या एका वाचनालयात बसतो. पासबुकातली न समजणारी नोंद, अडकलेलं पेन्शन, वारसाची कागदपत्रं असं काहीबाही घेऊन लोक येतात. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा पैसे जाऊन महिना होत आला होता आणि बँकेचा नकार हातात पडला होता.

पार्श्वभूमी

ताई तेव्हा 66 वर्षांच्या होत्या. लहानपण दांडिया बाजारात गेलं, लग्नानंतर कारेलीबागेत आल्या. एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. पेन्शन ज्या बचत खात्यात जमा होतं, त्याच खात्याचं चिप असलेलं डेबिट कार्ड त्यांच्याकडे होतं. हिशेबाची वही त्या आजही रोज रात्री लिहितात. भाजीचे 40 आणि रिक्षाचे 30 रुपयेसुद्धा वेगळ्या ओळीत. बेफिकीर ग्राहक म्हणतात तसं हे माणूस नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या लेकीकडे टोरांटोला गेल्या. निघण्याआधी लेकीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं तसं बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ ही दोन्ही बटणं चालू केली. खाली मर्यादेची पट्टी होती. ती बोटाने सरकवताना शेवटच्या टोकाला गेली आणि तिथेच राहिली. जुलैमध्ये त्या परत आल्या. बटणं चालूच राहिली.

आणखी एक तपशील त्यांनी मला बराच वेळ सांगितला नाही. नायगाराजवळच्या एका हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने त्यांचं कार्ड आत नेऊन दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली होती. “मी तिला नको म्हणायला हवं होतं का?” हे विचारताना त्यांचा आवाज खाली गेला.

काय घडलं

19 ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी खात्यातून 83 रुपये वजा झाल्याचा एसएमएस आला. समोर कुठल्याशा परदेशी नावाची अर्धवट अक्षरं होती. ताईंना वाटलं, मोबाइलचं काहीतरी कापलं असेल. वहीत त्यांनी ‘मोबाइल? 83’ असं लिहिलंसुद्धा. ते प्रश्नचिन्ह मी पाहिलं आहे. 83 रुपये म्हणजे तेव्हाचा जवळपास एक डॉलर. चोरलेला कार्ड क्रमांक जिवंत आहे का, हे बघायला चोर आधी अशीच किरकोळ रक्कम टाकून पाहतात. ती निघाली आणि कोणी ओरडलं नाही, की पुढचा हात मोठा.

शनिवारी, सातव्या माळेच्या रात्री, सोसायटीत गरबा होता. ताईंनी फोन घरीच चार्जिंगला लावला होता. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास 18,742, पुन्हा 18,742, मग 24,990 आणि शेवटी 12,318 रुपये गेले. चारही व्यवहार परदेशी वेबसाइटवरचे. आधीचे 83 धरून एकूण 74,875. त्यावर बँकेने परकीय चलनाचं शुल्क आणि जीएसटी लावला, ते तीन हजारांहून थोडं जास्त.

रविवारी सकाळी चहा ठेवताना त्यांनी एसएमएस पाहिले. 7 वाजून 40 मिनिटांनी कार्डामागच्या क्रमांकावर फोन लावला आणि कार्ड बंद करून घेतलं. पुण्याच्या मुलाने सांगितल्यावर दुपारी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. इथपर्यंत त्यांनी जे केलं त्यात मला काही सुधारायचं नाही, फक्त एक गोष्ट सोडून : बँकेच्या फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक टिपून घ्यायचा राहिला.

एक वाक्य

सोमवारी ताई शाखेत गेल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गर्दी होती. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, “बेन, ओटीपी वगर पैसा जाय ज नहीं.” ओटीपीशिवाय पैसे जातच नाहीत.

ताईंनी रात्रीपासूनचं सगळं आठवून पाहिलं. ओटीपी आल्याचं काही आठवेना. पण समोरचा बँकेचा माणूस, रोज हेच काम करणारा. तो म्हणतो तर तसंच असेल. दोन दिवसांपूर्वी कुणाचा तरी फोन आला होता, त्यात तर काही बोलले नसेन? स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास असा सुटत जातो. अधिकारी म्हणाला, अर्जात कारण लिहावं लागेल. मग फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात त्यांनी गुजरातीत लिहिलं : ‘माझ्याकडून नकळत ओटीपी दिला गेला असावा.’

16 नोव्हेंबरला बँकेचं उत्तर आलं. ग्राहकाने ओटीपी दिल्याचं लेखी मान्य केलं आहे, सबब नुकसानीची जबाबदारी ग्राहकाची. ‘असावा’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला होता.

कार्डात छिद्र नेमकं कुठे आहे

कार्डाची फसवणूक म्हटली की आपल्याकडे अजून एटीएममध्ये बसवलेलं यंत्र आणि नक्कल केलेलं कार्ड आठवतं. त्याला कारण आहे. कार्डामागच्या काळ्या चुंबकी पट्टीवरची माहिती कधी बदलत नाही; एकदा वाचली की दुसऱ्या प्लास्टिकवर उतरवता येते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तेव्हा नक्कल केलेल्या कार्डांनी 28 देशांतून पैसे काढले गेले होते. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते, त्यामुळे एका व्यवहाराचा संकेत चोरून दुसऱ्याला चालत नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने 2018 अखेरपर्यंत जुनी कार्डं बदलून चिपची द्यायला लावली.

पण चिप राखण करते ती कार्ड यंत्रात घातलं जातं तिथे. ऑनलाइन खरेदीत कार्ड कुठे घातलंच जात नाही. तिथे चालतो क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही. या तिन्ही गोष्टी एकाच प्लास्टिकवर छापून आपण खिशात घेऊन फिरतो. कुलूप आणि किल्ली एकाच दोरीला बांधून दारावर टांगावी, तसं हे आहे. हॉटेलचा माणूस कार्ड आत नेतो, तेव्हा तिन्ही गोष्टी आत जातात. कार्ड उद्योगाच्या सुरक्षा-नियमांनुसार व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानदाराने सीव्हीव्ही साठवून ठेवायचा नसतो. मागच्या बाजूची झेरॉक्स म्हणजे सीव्हीव्ही कागदावर साठवणंच की.

मग ओटीपीचं काय? भारतात ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला दुसरा घटक, म्हणजे कार्डावरच्या छापील माहितीखेरीज ओटीपीसारखी आणखी एक खातरजमा, 2009 पासून सक्तीचा आहे. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की सगळ्या जगात असंच चालतं असं वाटतं, बँकेतल्या माणसांनाही वाटतं. ही सक्ती देशातल्या व्यवहारांसाठी होती. परदेशातल्या बऱ्याच वेबसाइटी ओटीपी मागतच नाहीत. कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर चालू असेल तर नुसत्या छापील माहितीवर पैसे जाऊ शकतात. ही फट रिझर्व्ह बँकेलाही दिसत होती : परदेशी ऑनलाइन व्यवहारांनाही दुसरा घटक लागू करण्याचा प्रस्ताव तिने फेब्रुवारी 2025 मध्ये मांडला. ताईंच्या वेळी तो नव्हता.

फट बंद ठेवायची सोय मात्र होती. जानेवारी 2020च्या आदेशानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रासाठी चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देणं या सोयी ग्राहकाने मागून चालू करायच्या, आणि हव्या तेव्हा बंद करायच्या. एकदा चालू केलेलं बटण प्रवास संपल्यावर स्वतःहून बंद होत नाही, हे ताईंना कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे काय करायचं : समोरचे रस्ते

वाचनालयातल्या त्या शनिवारी मी पहिला प्रश्न विचारला : “ताई, खरं सांगा, ओटीपी दिला होता का?” तोवर हा प्रश्न त्यांना फोनवरच्या माणसाने, शाखेतल्या अधिकाऱ्याने आणि मुलानेही विचारून झाला होता. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवी आवरू लागल्या. मी फोन मागून घेतला आणि आम्ही एसएमएस वाचायला बसलो.

19 ते 22 ऑक्टोबर. पाच व्यवहारांचे पाच संदेश होते. ओटीपीचा एकही नव्हता. शेवटचा ओटीपी होता 7 ऑक्टोबरचा, पाइप गॅसचं बिल भरतानाचा. ताईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि यादी पुन्हा वरून खाली पाहिली. “म्हणजे आलाच नव्हता,” त्या म्हणाल्या. “मग मी देणार कुठून?”

आता रस्ते चार होते. पहिला, सोडून देणं. मुलाचं मत तेच होतं : “आई, मी पाठवतो पैसे, तू त्रास करून घेऊ नकोस.” काळजीपोटीच म्हणत होता. पण ताईंना पैशांपेक्षा त्या उत्तरातलं ‘मान्य केलं आहे’ जास्त टोचत होतं.

दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे वेळ जास्त जातो, आणि प्रकरण आयोगापुढे चालू असताना त्याच विषयावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दाद मागता येत नाही. हा रस्ता शेवटी ठेवायचं ठरलं.

तिसरा, लगेच या लोकपालाकडे जाणं. नकार हातात होता, त्यामुळे जाता आलं असतं. मी यावर बरंच डोकं खाजवलं. अडचण एकच : बँक तिथेही तोच अर्ज पुढे करणार, आणि आमच्या बाजूने त्याला खोडणारा एकही कागद नव्हता.

म्हणून चौथा निवडला. आधी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (शाखेच्या वर तक्रारी बघणाऱ्याला) पत्र लिहून नोंद दुरुस्त करायची, पुरावा जोडायचा, प्रश्न विचारायचे. आणि मग लोकपाल. यात तीन आठवडे जाणार होते. आजही हाच निर्णय घेईन.

पत्र

20 नोव्हेंबरचं ते पत्र दीड पानाचं होतं. ताईंनी तीनदा लिहून काढलं. सगळ्यात जास्त वेळ त्या एका वाक्याने खाल्ला. कबुली मागे कशी घ्यायची? ‘मी तसं लिहिलंच नाही’ म्हणणं खोटं झालं असतं. ‘माझ्याकडून जबरदस्तीने लिहून घेतलं’ हेही खरं नव्हतं. शेवटी लिहिलं ते असं : ‘23 ऑक्टोबरच्या अर्जातलं ते वाक्य हा माझा अंदाज होता, आठवण नव्हती. ओटीपीशिवाय व्यवहार होत नाही असं शाखेत सांगण्यात आल्यामुळे मी तो अंदाज केला. माझ्या फोनवर त्या चार दिवसांत एकही ओटीपी आलेला नाही. संदेशांची छायाचित्रं सोबत जोडली आहेत.’

अधिकाऱ्याचं नाव घालायचं का, यावर आमचं थोडं वाजलं. ताई ठाम होत्या. “माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा पोरगा आहे. त्याला जे शिकवलं ते त्याने सांगितलं.” नाव घातलं नाही.

नायगाराच्या झेरॉक्सचा उल्लेख मात्र केला. मी कचरत होतो, बँक त्यावर बोट ठेवील म्हणून. पण हॉटेलात पैसे भरायला कार्ड देणं हा कार्डाचा नेहमीचा वापर आहे, आणि जे घडलं ते सगळं लिहायचं म्हटल्यावर आपल्याला सोयीचं तेवढंच वेचायचं नसतं. (क्रमांक तिथूनच फुटला, असा दावा केला नाही. तो कुठून फुटला हे शेवटपर्यंत कळलं नाही.)

नियमाचा आधार होता रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017च्या परिपत्रकाचा. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच माहिती फुटली, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. संदेश मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही. ताईंच्या बाबतीत रविवार सोडून सोमवार पहिला, मंगळवारी दसऱ्याची सुट्टी, म्हणून बुधवार दुसरा, गुरुवार तिसरा. त्यांनी तर रविवारीच फोन केला होता. 83 रुपयांचा व्यवहारसुद्धा या मुदतीत बसत होता. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं असतं तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे 10,000 रुपयांपर्यंतचा भार सोसावा लागला असता. आणि ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे.

म्हणून पत्राच्या शेवटी प्रश्न ठेवले. या पाचपैकी कोणत्या व्यवहाराला ओटीपी तयार झाला होता? किती वाजता, कोणत्या क्रमांकावर पाठवला? दुकानदार कोणत्या देशातला? आणि चार्जबॅक, म्हणजे दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत, मागितला का? हा शेवटचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत होता. दुसऱ्या घटकाशिवाय घेतलेल्या ऑनलाइन व्यवहारात फसवणूक झाली, तर व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्ड-नेटवर्कच्या नियमांनुसार तो तोटा सहसा दुकानदाराच्या बँकेकडे सरकतो. मागणीची मुदत साधारण 120 दिवसांची. ताईंच्या बँकेला हे पैसे पलीकडून परत मागायची वाट मोकळी होती. ती मुदत रोज संपत चालली होती, आणि इकडे बँक ‘ग्राहकाने मान्य केलं’ म्हणत बसली होती.

निष्पत्ती

8 डिसेंबरला उत्तर आलं : निर्णय कायम. प्रश्नांची उत्तरं नाहीत. 11 डिसेंबरला लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली. पत्र, संदेशांची छायाचित्रं, 1930चा पोच क्रमांक आणि रविवारी सकाळच्या फोनची नोंद जोडली. तक्रार क्रमांक टिपला नव्हता, पण फोनच्या यादीत 7:40चा 11 मिनिटांचा कॉल होता. तो कामाला आला.

लोकपालाच्या कचेरीने बँकेकडून नोंदी मागवल्या. जानेवारीत बँकेचं म्हणणं आम्हाला मिळालं. त्यात एक ओळ होती : पाचही व्यवहार आंतरराष्ट्रीय, ओटीपी निर्माण झालेला नाही. ही ओळ बँकेच्या संगणकात पहिल्या दिवसापासून होती. ती बघायला कोणी संगणक उघडला नव्हता, कारण अर्जात उत्तर लिहून आलेलं होतं.

6 फेब्रुवारी 2024 रोजी 74,875 रुपये खात्यात आले. लोकपालाचा निकाल लागण्याआधीच बँकेने रक्कम भरली आणि तडजोडीने तक्रार मिटली. परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत ही रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी होती, म्हणजे दिवाळीच्या आधी. चलनशुल्क परत करायचं बँक विसरली. त्यासाठी आणखी एक पत्र लागलं, ते मार्चमध्ये मिळालं. रक्कम जमा करताना ती मूळ व्यवहाराच्या तारखेपासून धरायची असते, म्हणजे मधल्या काळाचं व्याजही येतं. ते मागायचं माझ्याच लक्षातून गेलं. रक्कम लहान होती, पण ती ताईंची होती.

वेगळं काय करता आलं असतं

ताईंच्या बाजूने दोन गोष्टी. 83 रुपयांपुढे प्रश्नचिन्ह काढलं तेव्हाच बँकेला फोन केला असता तर पुढचे चार व्यवहार झालेच नसते. आणि विमानातून उतरल्यावर ते बटण. मर्यादेची पट्टी पाच हजारांवर असती तरी त्या रात्रीचा एकही व्यवहार मंजूर झाला नसता.

बँकेच्या बाजूने मला राग येतो तो नकाराचा नाही. ग्राहक घाबरलेला असताना त्याच्याकडून कारण लिहून घेण्याच्या पद्धतीचा येतो. पैसे कसे गेले, हे ग्राहकाला कसं माहीत असणार? त्याला माहीत असतं ते एवढंच : संदेश कधी आला, तेव्हा कार्ड कुठे होतं, फोन कुठे होता, कोणाला कधी कळवलं. अर्जात एवढंच यावं. ‘कसं झालं असावं’ हा रकाना बँकेने आपल्या नोंदींवरून भरायचा आहे.

आणि माझ्या बाजूने, मी पहिला प्रश्न चुकीचा विचारला. ‘दिला का’ विचारलं की समोरचं माणूस आपल्या चुका शोधायला लागतं. ‘आला का’ विचारलं असतं तर आधी फोन उघडला गेला असता. 33 वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मीही कितीजणांना ‘दिला का’ विचारलं असेल, आणि त्यातल्या कितीजणांनी मान खाली घालून ‘हो, दिला असेल’ म्हटलं असेल, हे आठवायचा मी प्रयत्न केला आहे.

परवा एक रिक्षावाले काका आले होते, खात्यातून 9,400 रुपये गेले म्हणून. कोरा कागद आणि पेन काढून तयारच होते. तो कागद मी बाजूला ठेवला आणि म्हटलं, “आधी फोन दाखवा.”